बाबांची पेडलं

मी विमान उडवत असले की आमच्या घरातला फ्रिज उघडत नसे. मुंबईत असल्फ्याला झोपडपट्टीच्या जागी बांधलेल्या एसआरए इमारतीत आमची जी बाहेरची खोली आहे, तिच्यात कपाट आणि फ्रिज यांच्यामध्ये जेवढी जागा उरते तेवढ्यात माझं टेबल. टेबलावर कॉम्प्युटर, कडेला आवळून बसवलेलं विमानाचं हँडल आणि खाली पायांसाठी, विमान डावीउजवीकडे वळवायची दोन पेडलं. खुर्चीत बसले की खुर्चीची पाठ थेट फ्रिजच्या दाराला टेकायची. मग आई ओट्याजवळून ओरडायची, "उतरलीस की सांग गं, दूध काढायचंय." मी तेव्हा पडद्यावरच्या नागपूरच्या आकाशात असायचे. "पाच मिनिटं" म्हणायचे आणि खरंच पाच मिनिटांत उतरायचे, कारण सगळ्यांचा चहा माझ्यामुळे अडलेला असायचा.

खरी विमानंही डोक्यावरून जायची. आमची इमारत विमानतळाच्या उतरणीच्या वाटेवर आहे, विमानं चाकं बाहेर काढूनच येतात. त्यामुळे आमच्याकडे बोलण्याची एक रीत पडून गेलीय. विमान आलं की वाक्य आहे तिथे ठेवायचं, ते गेलं की तिथूनच उचलायचं. नवीन पाहुण्याला वाटतं, ही माणसं मध्येच रुसतात की काय.

लहानपणी आकाशाकडे बघून मला पंख फुटले वगैरे मी सांगणार नाही. लहानपणी मला विमानांचा वैताग यायचा. बारावीच्या सुट्टीत मैत्रिणीच्या घरी कॉम्प्युटरवर हा सिम्युलेटर पाहिला, म्हणजे विमान चालवण्याची हुबेहूब नक्कल. सहज बसले आणि मला तिथून उठवेना. पुढे रीतसर पायलटचं प्रशिक्षण घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं की प्रत्यक्ष विमानातला एकेक तास मोलाचा, तेव्हा जे घरी शिकता येईल ते घरीच शिकून जावं. 'सगळे' म्हणजे मी, बाबा आणि इंटरनेटवरचे अनोळखी लोक. आईला कुणी विचारलं नव्हतं, पण फ्रिज तिचा होता.

बाबा साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लोखंड कातायच्या लेथवर काम करतात. आजोबा मालवणकडून आले ते गिरणीत लागले, गिरणी गेल्यावर बाबांनी लेथ धरला. बाजारातली प्लास्टिकची पेडलं मी त्यांना फोटोत दाखवली तेव्हा ते नाक मुरडून म्हणाले, "ह्याच्यावर पाय ठेवून तू काय शिकणार? खेळणं आहे हे." पुढचे तीन रविवार ते वर्कशॉपमध्येच होते. चौथ्या रविवारी रिक्षातून एक लोखंडी धूड घरी आलं. मधोमध बेअरिंगवर फिरणारा दांडा, दोन टोकांना पाय ठेवायला जाड पत्रा, पाय उचलला की दांडा परत सरळ व्हावा म्हणून दोन बाजूंना स्कूटरच्या स्टँडच्या दोन स्प्रिंगा, आणि पाय किती पुढे गेला हे कॉम्प्युटरला कळावं म्हणून एका जुन्या रेडिओचं आवाज कमीजास्त करायचं फिरतं बटण. वस्तू एकदा टेबलाखाली सरकवली ती सरकवली, केर काढतानासुद्धा हलायची नाही.

पेडल दाबायला मांडीपासून जोर लावावा लागे. मला ते गैर वाटलं नाही, पहिल्यांदा बसले तेव्हा मी 'झकास' म्हणाले. विमान म्हणजे एवढं मोठं प्रकरण, त्याचं पेडल जडच असणार. दर रविवारी बाबा टेबलाखाली शिरून तेल घालायचे, स्प्रिंगांवर बोट वाजवून बघायचे आणि बाहेर येऊन हात पुसत विचारायचे, "ठीक?" मी म्हणायचे, "ठीक." तीन वर्षं मी त्या पेडलांवर पाय मारले.

विमान शिकवणाऱ्या शाळेत दाखल व्हायला निघाले त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या मंडळाने माझा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं. गेटवर फ्लेक्स लागला. त्यावर पांढऱ्या शर्टातली, खांद्यावर पट्ट्या लावलेली मी, आणि खाली ठळक अक्षरांत 'आपल्या इमारतीची पहिली महिला पायलट, हार्दिक अभिनंदन'. तोपर्यंत मी खऱ्या विमानात प्रवासी म्हणूनही बसले नव्हते. पट्ट्या फोटो स्टुडिओवाल्याच्या होत्या. मी सेक्रेटरींना म्हटलं, "काका, अजून शिकायला जातेय फक्त." ते म्हणाले, "अगं, होशीलच ना. आत्ता केलं की एकदाच काम होतं." आमच्या इमारतीचा सगळा कारभार असाच चालतो.

शाळा मुंबईपासून बरीच आत, एका जिल्ह्याच्या गावाबाहेर होती. एक धावपट्टी, दोन शेड, चार छोटी विमानं. शिकवणारे सर निवृत्त फौजी, सोलापूरकडचे, बोलणं कमी. पहिले दोन दिवस मी भाव खाल्ला. कुठलं बटण कुठे, रेडिओवर काय बोलायचं, कोणत्या वेगाला नाक उचलायचं, सगळं मला पाठ होतं. बाकीची मुलं माझ्याकडे वही घेऊन यायची.

तिसऱ्या दिवशी सरांनी धावपट्टीवर विमान माझ्या हातात दिलं. छोट्या विमानाच्या इंजिनाला पूर्ण जोर दिला की ते डावीकडे ओढ घेतं, उजव्या पायाने त्याला सरळ ठेवायचं असतं. हे मला तोंडपाठ होतं. मी जोर दिला, विमानाने ओढ घेतली, आणि मी घरच्यासारखा पाय मारला. खरं पेडल लोण्यासारखं आत गेलं. विमान उजवीकडे वळलं, मी घाबरून डावा पाय मारला, ते डावीकडे वळलं. सरांनी जोर काढून घेतला तेव्हा आमचं एक चाक गवतात होतं. सर म्हणाले, "पाय आहेत की हातोडे?"

पुढच्या दिवसांत हातोडे गेले, त्यापेक्षा वाईट झालं. माझे पाय लाकडाचे झाले. हवेत मी बरी होते, पण धावपट्टी जवळ आली की कमरेखालचं काही माझं राहत नसे. माझ्यानंतर आलेली मुलं एकटी उडून आली. पहिल्यांदा एकटं उडून आलं की सगळ्यांनी मिळून त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतायचं, अशी तिथे पद्धत होती. मी पाच जणांवर ओतलं. सहाव्याच्या वेळी बादली माझ्या हातात देणारा मुलगाच ओशाळला, आणि मला त्याचा इतका राग आला की अर्धं पाणी मी त्याच्याच बुटांवर सांडलं.

एका संध्याकाळी सरांनी मला शेडमध्ये बसवून सरळ विचारलं, "घाबरतेस का?"

मी म्हणाले, "नाही सर. घरी बाबांनी बनवलेली पेडलं फार कडक आहेत. तीन वर्षं त्यांच्यावर सराव केला, त्यामुळे पायांना वाईट सवय लागली."

हे उत्तर माझ्या तोंडून इतकं सफाईदार आलं की मलाच पटलं. सर म्हणाले, "धावपट्टीची दुरुस्ती निघालीय, दीड महिना उड्डाणं बंद. घरी जा, पेडलं बदलून घे, पायांचा सराव कर. आल्यावर माझ्याबरोबर तीन फेऱ्या. त्यात जमलं तर पुढे. नाही जमलं तर मी तुझ्या घरच्यांशी बोलेन, आणि तू दुसरं काहीतरी बघ."

असा मी घरी आले. गेटवर फ्लेक्स होता. उन्हाने माझा चेहरा पिवळट झाला होता, पण अक्षरं शाबूत होती. वॉचमनने सलाम ठोकला. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आम्हाला कधी नेतेस दुबईला?" मी हसले. दीड महिना मी तसंच हसत होते, जबडा दुखायचा.

आणि बाबा! मी बॅग ठेवायच्या आत त्यांनी पेडलांवरचा कपडा काढला. मी नसताना त्यांनी पत्र्याला रंग दिला होता. स्प्रिंगा चकचकत होत्या. "बस बघू," म्हणाले. मी बसले. मांडीपासून जोर लावून उजवं पेडल दाबलं. "ठीक?" मी म्हणाले, "ठीक."

त्या दीड महिन्याएवढी कोंडी मी आयुष्यात अनुभवली नाही. पेडलं बदलायची तर बाबांना सांगायला हवं की तुमच्या वस्तूनं मला बिघडवलं. न सांगावं तर रोज त्याच पेडलांवर बसायला हवं, कारण मुलगी सुट्टीवर आलीय आणि सराव करत नाही, हे आमच्या घरात चाललंच नसतं. म्हणजे जितकी मेहनत करावी तितके पाय अधिक बिघडणार, आणि ती मेहनत बघून घरात सगळे खूश. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. मागे फ्रिजचं दार, डावीकडे कपाट, समोर पडदा, पडद्यामागे भिंत, आणि खिडकीतून दिसणार ती पलीकडच्या विंगची भिंत. घराबाहेर पडावं तर गेटवर मीच हसत उभी. मालाडच्या मावशीकडे दोन दिवस पळाले, तर तिने शेजारपाजारच्या बायका गोळा करून ठेवल्या होत्या, पायलट बघायला.

मी चिडचिडी झाले. आईने भाजीत मीठ कमी घातलं तरी मी भांडायचे. आई माझ्याकडे बघून बाबांना मालवणीत म्हणायची, "चेडवाक जरा दम घेऊं दे." बाबा म्हणायचे, "परीक्षा जवळ आली की असंच असतं." त्यांचा तो समजूतदारपणा मला सर्वांत जास्त टोचायचा. मनातल्या मनात मी त्यांच्याशी रोज भांडत होते. कुणी सांगितलं होतं स्कूटरच्या स्प्रिंगा लावायला? विमानाचं पेडल कधी पाहिलंत का? प्लास्टिकची घेऊन दिली असती तर काय बिघडलं असतं? समोर आले की मी म्हणायचे, "ठीक."

परत जायला आठ दिवस उरले तेव्हाचा रविवार. बाबा तेलाची बुधली घेऊन टेबलाखाली शिरले आणि तिथूनच म्हणाले, "ह्या स्प्रिंगा जरा सैल पडल्यासारख्या वाटतात. तुझ्या सवयीच्या राहाव्यात म्हणून अजून एकेक जोडू का?"

मी फुटले. "बाबा, नको! तुमच्या ह्या पेडलांनी माझी वाट लागलीय. खऱ्या विमानात पेडल नुसतं टेकवायचं असतं. मी लाथा मारते. सगळे एकटे उडाले, मी एकटीच राहिलेय. आठ दिवसांनी मला काढून टाकणार आहेत!"

आईने गॅस बंद केला. बाबा टेबलाखालून बाहेर आले, उभे राहिले, हात पुसले. चपला घालून निघून गेले. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की मोकळं वाटेल. कसलं मोकळं! मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. आईने जेवायला हाक मारली, मी उठले नाही. तिने फ्रिजसुद्धा मागितला नाही.

चहाच्या वेळेला बाबा परत आले. हातात पाना होता. सरळ टेबलाखाली शिरले आणि दोन्ही स्प्रिंगा काढून बाहेर ठेवल्या. मग दांडा हाताने हलवून दाखवला. एका बोटाने इकडून तिकडे जात होता. "आता बस," म्हणाले. "ते धावपट्टीवरचं कर."

"तुम्ही बाहेर या आधी."

"मला बघू दे."

मी बसले. बाबा पायाशी, दोन्ही हात दांड्यावर. मी जोर दिला. पडद्यावर धावपट्टी पळायला लागली, विमानाने डावीकडे ओढ घेतली, मी उजवा पाय दाबला. विमान सरळ होईना. आणखी दाबला. विमान डावीकडून बाहेर गेलं.

"पुन्हा," बाबा खालून म्हणाले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"तू काय दाबतेस?"

"उजवं. कधीपासून दाबतेय!"

"आणि डावं?"

"डावं कशाला दाबू?"

"तेच विचारतोय. दोन्ही दाबतेस तू. सारख्याच जोराने. दांडा हलणार कसा? स्प्रिंग नाही, काही नाही, तरी जाम आहे." मग त्यांनी दांडा सोडला आणि माझ्या पोटरीवर हात ठेवला. लेथचा आवाज बदलला की ते मशीनच्या अंगावर तळहात ठेवतात, तसा. माझी पोटरी दगडासारखी होती आणि आतून थरथरत होती. घरात, खुर्चीत, कॉम्प्युटरसमोर.

बाबा आमच्याशी मालवणी बोलत नाहीत, गावाहून कुणी आलं तरच. तेव्हा मात्र ते खालूनच हळू म्हणाले, "तुका भीती वाटता?"

मी रडायला लागले. सरांनी हेच विचारलं होतं, आणि मी बाबांच्या स्प्रिंगांकडे बोट दाखवलं होतं. मला लाज वाटली. आता बोट दाखवायला खाली काही उरलंही नव्हतं. मी म्हटलं, "खूप. पहिल्या दिवसापासून."

"मग जाऊ नकोस," बाबा म्हणाले. "फ्लेक्स मी उतरवतो. सेक्रेटरीला मी बघून घेतो."

ही सुटका मी महिनाभर मनात मागत होते. समोर आली तेव्हा मला तिचा संताप आला. "मला जायचंय," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग पुन्हा जोर दे," ते म्हणाले. "स्प्रिंगांच्या जागी मी आहे."

पुढचे सात दिवस कामावरून आले की बाबा टेबलाखाली बसायचे. दांड्याची दोन टोकं त्यांच्या दोन हातांत. माझा डावा पाय दाबायला लागला की त्यांना माझ्याआधी कळायचं. "डावा सोड." मी सोडायचे. "सोड म्हटलं ना. सोड." त्यांना पडदा दिसत नव्हता, विमान कुठे चाललंय ते माहीत नव्हतं, फक्त माझे पाय त्यांच्या हातात होते. आई त्यांचा चहा खाली वाकून द्यायची. भीती गेली नाही, पण पाचव्या दिवशी त्यांनी "डावा सोड" न म्हणता दोन फेऱ्या गेल्या, आणि खालून आवाज आला, "हां."

शाळेत परत गेले. सरांबरोबर तीन वेळा उडाले, तीन वेळा उतरले. पाय थरथरत होते आणि मी तोंडातल्या तोंडात "डावा सोड" म्हणत होते. तिसऱ्यांदा उतरल्यावर सरांनी विमान कडेला थांबवायला लावलं. इंजिन चालू. ते म्हणाले, "घरची पेडलं बदलून घेतलीस?"

'हो सर' एवढंच म्हणायचं होतं. खोटंही झालं नसतं, स्प्रिंगा काढल्या होत्याच. पण बाबा तेलाच्या बुधलीसकट माझ्या डोळ्यांसमोर आले.

"पेडलांचं काही नव्हतं, सर. मी घाबरत होते. दोन्ही पाय एकदम दाबत होते."

"ठाऊक आहे. विमानात तुझी आणि माझी पेडलं एकमेकांना जोडलेली असतात, माझ्या पायांना सगळं कळतं." त्यांनी पट्टा सोडला. "आता घाबरतेस?"

"हो."

"हं. पण पाय मोकळे होते." दार उघडून ते उतरले आणि गवतातून मागे न बघता शेडकडे चालत गेले.

त्या फेरीबद्दल लोकांना काहीतरी ऐकायचं असतं. मला एवढंच आठवतं की सरांचं वजन नसल्यामुळे विमान माझ्या अंदाजाच्या आधीच उचललं गेलं, आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघायचा मला धीर झाला नाही. मी पूर्ण फेरी मोठ्याने ओरडत होते, "सोड, सोड, सोड." उतरले. मुलांनी बादली ओतली, मी ज्याचे बूट भिजवले होते त्या मुलाने तर दोन.

ओल्या कपड्यांनीच बाबांना फोन केला. ते वर्कशॉपमध्ये होते, मागे मशीन चालू. मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, बरं झालं." मग मी जे सांगायचं ठरवलं होतं ते सांगितलं. "बाबा, तुमच्या स्प्रिंगांचा काही दोष नव्हता. मी सरांनाही तुमचंच नाव सांगितलं होतं. माझं चुकलं."

"दोष कसा नव्हता? कडकच होत्या त्या," बाबा म्हणाले. "पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. दुसऱ्या, मऊ आणल्या होत्या. तीन वर्षं इथे खणात पडून आहेत."

"मग लावल्या का नाहीत?"

मागचं मशीन कुणीतरी बंद केलं.

"तू पहिल्यांदा बसलीस आणि 'झकास' म्हणालीस," ते म्हणाले. "म्हटलं, पोरगी खूश आहे, कशाला हात लावा."